हिमालय, सह्याद्री आणि भूकंप : भूपट्टांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूपट्टांच्या हालचालींमुळे पर्वत उभे राहतात आणि भूकंप होतात, हे वाक्य शालेय भूगोलात आपण सगळ्यांनीच पाठ केलेले असते. हिमालयाला ते तंतोतंत लागू पडते. सह्याद्रीला मात्र ते त्या अर्थाने लागू पडत नाही, किल्लारीला अर्धवटच लागू पडते आणि कोयनेच्या बाबतीत त्यात पाण्याची भर घालावी लागते. महाराष्ट्रातील वाचकांच्या मनात या विषयावर जे प्रश्न येतात, त्यांतील बरेचसे या गल्लतीतूनच निघतात; म्हणून खालील उत्तरांत हिमालयाची गोष्ट आणि आपल्याकडची गोष्ट जाणीवपूर्वक वेगवेगळी ठेवली आहे.

भूपट्ट म्हणजे नेमके काय?

पृथ्वीचे सर्वांत वरचे भूकवच आणि त्याला खालून चिकटलेला प्रावरणाचा (भूकवच आणि गाभा यांच्या मधल्या खडकांच्या जाड थराचा) थंड, कठीण भाग हे दोन्ही मिळून शिलावरण होते. त्याची जाडी महासागरांखाली १०० कि.मी.च्या आसपास, तर जुन्या खंडांखाली २०० कि.मी. किंवा त्याहूनही अधिक असते. हे शिलावरण सलग नाही. सात मोठ्या आणि अनेक लहान तुकड्यांत ते विभागलेले आहे आणि त्या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. भूपट्ट म्हणजे खंड असे समीकरण नाही, आणि समुद्रकिनारा ही भूपट्टाची सीमाही नाही. भारतीय भूपट्टावर भारतीय द्वीपकल्प आहे, श्रीलंका आहे आणि अरबी समुद्राचा व बंगालच्या उपसागराचा बराचसा तळही आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभे राहून समोर दिसणारा समुद्र आणि पाठीमागचा घाट हे दोन्ही एकाच भूपट्टावर आहेत.

हे भूपट्ट वितळलेल्या लाव्हावर तरंगतात का?

नाही. प्रावरण हे घन खडकांचेच आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण प्रावरणातून त्या व्यवस्थित पार होतात, हा त्याचा सरळ पुरावा. मात्र भूपट्टांच्या खालचा प्रावरणाचा थर इतका तप्त असतो की घन असूनही लाखो वर्षांच्या कालावधीत तो अतिशय मंद गतीने वाहतो. पृथ्वीच्या अंतर्भागात खरोखर द्रवरूप असलेला मोठा थर म्हणजे बाह्य गाभा, आणि तो सुमारे २,९०० कि.मी. खोलीवर सुरू होतो.

भूपट्टांना गती मिळते ती प्रामुख्याने त्यांच्या स्वतःच्या वजनामुळे. महासागराचा तळ मध्यसागरी पर्वतरांगांपाशी नव्याने तयार होतो, दूर सरकता सरकता थंड व जड होत जातो आणि शेवटी दुसऱ्या भूपट्टाखाली बुडू लागतो. बुडणारा हा भाग आपल्या मागच्या भूपट्टाला ओढत नेतो. प्रावरणातील उष्णतेच्या प्रवाहांचा यात वाटा आहेच, परंतु जुन्या पुस्तकांतील चित्रांत दिसणारे फिरत्या पट्ट्यासारखे प्रवाह ही फारच सोपी करून सांगितलेली गोष्ट आहे.

ही कल्पना केव्हा मान्य झाली?

जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडवहनाची कल्पना मांडली. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांचे किनारे एकमेकांत बसतात, दोन्हींकडे सारखेच जीवाश्म आणि सारखेच खडक सापडतात, असे त्यांचे पुरावे होते. खंड कोणत्या बळाने सरकतात हे मात्र त्यांना पटण्याजोगे सांगता आले नाही आणि १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत त्यांचे निधन झाले, तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञ त्यांच्या विरोधातच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्रतळाचे नकाशे तयार झाले. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी समुद्रतळ पसरतो ही मांडणी प्रसिद्ध केली आणि १९६३ मध्ये फ्रेड व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी तळाच्या खडकांतील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला. १९६० चे दशक संपता संपता भूपट्टांचा सिद्धांत सर्वमान्य झाला. म्हणजे १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्याचे स्पष्टीकरण देणारे शास्त्र स्वतःच घडत होते.

भारतीय भूपट्ट कोठून आला?

दक्षिण गोलार्धातून. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत हे एके काळी गोंडवन या महाखंडाचे भाग होते. या महाखंडाला नाव मिळाले ते मध्य भारतातील गोंडवन प्रदेशावरून. महाखंड फुटल्यावर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून सुटला आणि उत्तरेकडे सरकू लागला. या प्रवासात काही काळ त्याचा वेग वर्षाला १५ सें.मी.हून अधिक होता, जो भूपट्टांच्या मानाने असाधारण आहे. भारत आणि आशिया यांच्या दरम्यान तेव्हा टेथिस नावाचा समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली बुडत गेला, समुद्र आक्रसत गेला आणि साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूखंड एकमेकांना भिडले.

टक्कर झाली म्हणजे काय झाले? हिमालय प्रत्यक्षात कसा उभा राहिला?

टक्कर हा शब्द ऐकून एका क्षणात घडलेली घटना डोळ्यांसमोर येते; ही टक्कर मात्र अजून संपलेली नाही. महासागरी तळ जड असल्यामुळे सहज बुडतो, पण खंडाचे कवच हलके असल्यामुळे ते प्रावरणात फार खोल जात नाही. त्यामुळे भारत आशियाखाली शिरू पाहत असताना त्याच्या पुढच्या कडेचे खडक वरच्यावर सोलले जाऊ लागले.

सतरंजी एका बाजूने ढकलली की तिला सुरकुत्या पडतात, तसा हिमालय झाला, असे वर्गात सांगितले जाते. हिमालयातील खडकांना वळ्या पडलेल्या आहेत यात शंका नाही आणि तो वली पर्वत आहे हेही खरे; परंतु त्याच्या उंचीचे मुख्य कारण त्याहून वेगळे आहे. भारतीय कवचाचे मोठमोठे तुकडे कलत्या प्रस्तरभंगांवरून, म्हणजे ज्या भेगांवरून खडक सरकतात त्यांवरून, दक्षिणेकडे सरकत एकावर एक रचले गेले. उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहत आल्यास मुख्य मध्य प्रस्तरभंग, मुख्य सीमा प्रस्तरभंग आणि मैदानाच्या कडेचा मुख्य अग्र प्रस्तरभंग असे तीन मोठे भेग-पट्टे जवळजवळ सगळ्या हिमालयाच्या लांबीभर आढळतात. साधारणपणे जो जितका दक्षिणेस तो तितका नंतरचा. हिमालयाच्या पायथ्याशी, जेथे सपाट मैदान एकदम संपून डोंगर सुरू होतो, तेथे आपण यांतील सर्वांत तरुण पट्ट्यापाशी उभे असतो. तिन्ही पट्टे खोलवर जाऊन एकाच मोठ्या, जवळजवळ आडव्या प्रस्तरभंगाला मिळतात. हिमालयातील भूकंपांची जन्मभूमी हीच.

या घडामोडीचा सर्वांत बोलका पुरावा शिखरांवरच आहे. एव्हरेस्टची उंची २०२० साली जाहीर झालेल्या मोजणीनुसार ८,८४८.८६ मीटर आहे, आणि त्याच्या माथ्यावरचा खडक चुनखडक आहे. ४५ कोटी वर्षांहूनही जुना हा खडक उथळ समुद्राच्या तळाशी साचला आणि त्यात सागरी प्राण्यांचे अवशेष सापडतात. नेपाळच्या काली गंडकी नदीत मिळणारे शाळिग्राम आपल्याकडे अनेक देवघरांत असतात. एखादा फुटलेला शाळिग्राम निरखून पाहिला, तर आत चक्राकार कप्पे आणि त्या चक्रावर आडव्या उमटलेल्या बारीक कडा दिसतात. तो ॲमोनाइट या नामशेष झालेल्या सागरी प्राण्याचा शंख होय. विष्णूचे चक्र म्हणून ज्याची पूजा होते, ते टेथिस समुद्राच्या चिखलात गाडले गेलेले कवच आहे, ही माहिती मला तरी श्रद्धेला बाधक वाटत नाही.

तिबेटचे पठार याच टक्करीतून झाले का?

होय. भिडल्यानंतर भारत आणखी दोन हजार किलोमीटरच्या आसपास उत्तरेकडे सरकला आहे, आणि एवढा सगळा ऐवज कोठे तरी सामावला जाणे भाग होते. काही भाग हिमालयात रचला गेला, काही आशियाच्या आतले कवच जाड होण्यात खर्ची पडला, तर काही बाजूला सरकला. नेहमीचे खंडीय कवच ३५ ते ४० कि.मी. जाड असते, तिबेटखाली ते सुमारे ७० कि.मी. आहे. जवळजवळ ५,००० मीटर सरासरी उंचीचे ते पठार या जाडीच्याच आधाराने उभे आहे.

मग हिमालयात ज्वालामुखी का नाहीत?

ज्वालामुखींसाठी पाण्याने भिजलेला महासागरी तळ खोल बुडावा लागतो. ते पाणी वर प्रावरणात शिरले की तेथील खडकांचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. टेथिसचा तळ बुडत होता तोवर आशियाच्या कडेला अशी ज्वालामुखींची रांग होतीच. लडाखमध्ये सिंधूच्या उत्तरेस दिसणारे ग्रॅनाइटचे डोंगर म्हणजे तिचे पोटातले अवशेष. समुद्र संपला, तसा तो पुरवठाही थांबला. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेखाली नाझ्का भूपट्टाचा समुद्रतळ आजही बुडतो आहे, त्यामुळे अँडीजमध्ये उंच पर्वत, जागृत ज्वालामुखी आणि मोठे भूकंप हे तिन्ही एकत्र आढळतात. भारताच्या हद्दीत तसाच जागृत ज्वालामुखी पाहायचा, तर अंदमानजवळच्या बॅरन बेटावर जावे लागेल.

हिमालय अजूनही वाढतो आहे का?

वाढतो आहे, पण तो झिजतोही आहे. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला ४ ते ५ सें.मी. वेगाने ईशान्य-उत्तरेकडे सरकतो आणि त्यातील जवळपास २ सें.मी. आकुंचन एकट्या हिमालयाच्या पट्ट्यात होते. त्यातून काही भाग वर्षाला काही मिलिमीटर उचलले जातात. दुसरीकडे गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरवर्षी सुमारे १०० कोटी टन गाळ वाहून नेतात. बंगालच्या उपसागराच्या तळाशी त्या गाळाचा जो प्रचंड पंखा पसरला आहे, तो म्हणजे झिजून गेलेला हिमालयच.

पर्वत मनमानेल तितका उंच का होत नाही, याचे उत्तर मिळाले ते भारतातल्या जमीनमोजणीतून. एकोणिसाव्या शतकात मोजणी खात्याला कल्याणा आणि कल्याणपूर या दोन ठाण्यांमधील अंतरात दोन पद्धतींनी ५.२३६ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) इतका फरक आढळला. हिमालयाच्या गुरुत्वाकर्षणाने ओळंबा ओढला गेला असावा, असा अंदाज होता. कोलकात्याचे आर्चडिकन जॉन प्रॅट यांनी हिशेब केला, तर ओढ त्याच्या तिपटीने असायला हवी होती. १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी उलगडा केला : पर्वताखाली हलक्या खडकांचे खोल मूळ असते आणि ते जड प्रावरणात रुतलेले असते. उंची वाढेल तसे मूळही खोल जाते. वरचा भाग झिजला की सगळाच पर्वत थोडा वर येतो. त्यामुळे झीज होऊनही पर्वत लवकर नाहीसा होत नाही. ओळंब्याच्या काही विकलांच्या चुकीतून एवढे निघाले, याचे मला आजही नवल वाटते.

सह्याद्री कोणत्या भूपट्टांच्या टक्करीतून झाला?

कोणत्याच नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भारत उत्तरेच्या प्रवासात असताना, आज रियुनियन बेट ज्या तप्त स्थळावर (प्रावरणातून खूप उष्णता वर येणाऱ्या जागेवर) आहे त्याच्यावरून तो जात होता. त्या वेळी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हाचे पूर आले. शंकूच्या आकाराचा डोंगर न होता लाव्हा पातळ थरांनी दूरवर पसरत गेला आणि थरावर थर बसून दख्खनचे पठार तयार झाले. आजही हा बेसाल्ट पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. त्याच सुमारास पश्चिमेकडे भूकवच ताणले गेले, सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटून वेगळा झाला आणि मध्ये अरबी समुद्राचा तळ पसरू लागला. म्हणजे येथे भूपट्ट जवळ येण्याऐवजी जमीन फाटत होती. फाटलेल्या कडेशी कोकणाची बाजू खाली राहिली, पठाराची कड उंच राहिली आणि मुसळधार पावसाने, ओढ्यांनी ती कड खात खात पूर्वेकडे मागे सरकवली. ही कड म्हणजे सह्याद्री. कोकणातून पाहिले तर तो पर्वत वाटतो. देशावरून गेलो तर पठाराचा काठ आला एवढेच जाणवते.

खात्री करायची असेल, तर कोकणकडा किंवा वरंधा घाटातला कोणताही उभा कातळ पाहावा. बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे आहेत. हिमालयातल्यासारख्या वळ्या, उलटेपालटे झालेले खडक येथे नाहीत. घाटरस्त्याच्या कापीव बाजूला दोन काळ्या थरांमध्ये अधूनमधून विटकरी रंगाचा, हाताने भुगा होणारा मऊ पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात पहिल्याचा वरचा भाग कुजून झालेली ती माती आहे. थर कलतात ते मुख्यतः किनाऱ्याच्या बाजूला, पनवेलच्या आसपास, समुद्राच्या दिशेने. आणि ती खूण ताणाची आहे. कळसूबाईची १,६४६ मीटर उंची ही अशा रचलेल्या थरांतून झीज होऊन उरलेली उंची आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, अरबी समुद्र तेथून हाकेच्या अंतरावर असूनही पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे जाते, कारण सगळे पठारच पूर्वेकडे कललेले आहे.

भूकंप प्रत्यक्षात कसा होतो?

भूपट्ट सरकत असले तरी त्यांच्यामधील प्रस्तरभंग घर्षणाने जखडलेले असतात. दोन्ही बाजूंचे खडक वर्षानुवर्षे वाकत, ताणले जात राहतात. ताण घर्षणापेक्षा वाढला की प्रस्तरभंगाचा एक भाग सुटतो, ती सुटका काही सेकंदांत प्रस्तरभंगावरून पुढे पुढे धावते आणि वाकलेले खडक झटक्याने सरळ होतात. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर केलेल्या मोजणीवरून हॅरी रीड यांनी हे स्पष्टीकरण दिले. जेथून सुटका सुरू होते तो बिंदू म्हणजे भूकंपनाभी, आणि त्याच्या थेट वर जमिनीवर असलेले ठिकाण म्हणजे अपिकेंद्र.

२५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा भूकंप हे याचे नीट मोजले गेलेले उदाहरण आहे. शनिवारी दुपारी बाराला काही मिनिटे कमी असताना काठमांडूच्या वायव्येस गोरखा जिल्ह्यात, सुमारे १५ कि.मी. खोलीवर, वर उल्लेख केलेला आडवा प्रस्तरभंग सुटला. फाटण्याची क्रिया तेथून पूर्वेकडे, काठमांडूच्या खालून, दीडशे किलोमीटरच्या आसपास गेली. या एका मिनिटात काठमांडू खोरे सुमारे एक मीटर वर उचलले गेले आणि दीड-दोन मीटर दक्षिणेकडे सरकले, तर त्याच्या उत्तरेकडील उंच पर्वतांचा काही भाग उलट खचला. भूकंपाची परिमाण ७.८ होती आणि जवळपास नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. काठमांडू एका जुन्या सरोवराच्या गाळावर वसलेले आहे. त्या गाळाने संथ, लांब आवर्तनाचे हेलकावे वाढवले, त्यामुळे धरहरा हा उंच मनोरा कोसळला आणि आजूबाजूची पुष्कळशी बुटकी घरे टिकली. गोरखा जिल्ह्यातील डोंगराळ खेड्यांत याच्या उलट, दगडमातीची ठेंगणी घरेच भुईसपाट झाली.

हिमालयात असे मोठे भूकंप किती झाले, आणि पुढचा कोठे होईल?

गेल्या सव्वाशे वर्षांतील ठळक नावे अशी : १९०५ चा कांगडा, १९३४ चा बिहार-नेपाळ, १९५० चा आसाम-तिबेट, २००५ चा काश्मीर आणि २०१५ चा नेपाळ. यांत १५ ऑगस्ट १९५० चा भूकंप सर्वांत मोठा. त्याची परिमाण ८.६ होती. १९३४ मध्ये उत्तर बिहारच्या मैदानात तीनशे किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात पाण्याने भिजलेल्या वाळूला द्रवासारखे रूप आले, जमिनीतून वाळू-पाणी उफाळले आणि घरे कलली, रुतली. १८९७ चा शिलाँगचा भूकंपही तेवढाच भयंकर होता, पण तो हिमालयाच्या मुख्य प्रस्तरभंगावरचा नव्हता. त्याचा अभ्यास करणारे रिचर्ड ओल्डहॅम यांनीच पुढे १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवून दिले.

कांगडा आणि काठमांडू यांच्या मधल्या, म्हणजे उत्तराखंड आणि पश्चिम नेपाळच्या पट्ट्यात मात्र गेल्या काही शतकांत आठ परिमाणाचा भूकंप झालेला नाही. १९९१ चा उत्तरकाशीचा आणि १९९९ चा चमोलीचा भूकंप विध्वंसक होते, तरी साठलेल्या ताणाच्या मानाने ते लहान होते. या भागातील शेवटचा अतिमोठा भूकंप १५०५ सालचा मानला, आणि वर्षाला १.८ सें.मी. हालचाल प्रस्तरभंगात अडकून राहते असे धरले, तर आजवर नऊ मीटरांहून अधिक सरकणे थकलेले आहे. कोठे होईल याचे उत्तर म्हणून या पट्ट्याकडे बोट दाखवता येते. केव्हा, हे सांगता येत नाही.

हिंदुकुशमध्ये भूकंप झाला की दिल्ली हलते, असे का?

हिंदुकुशखाली भूपट्टाचा बुडालेला तुकडा आहे आणि तेथील भूकंप बहुधा २०० कि.मी. खोलीवर होतात. इतक्या खोलून आलेल्या लहरी जमिनीवर फार मोठ्या प्रदेशात पोहोचतात, पण पोहोचेपर्यंत क्षीण झालेल्या असतात. त्यामुळे दिल्लीत दिवे हलतात, क्वचितच काही पडते.

किल्लारी तर भूपट्टाच्या सीमेपासून दूर आहे. मग तेथे भूकंप कसा झाला?

भूपट्ट आतून अखंड आणि निर्दोष असतो असे गृहीत धरल्यामुळे हा प्रश्न पडतो. उत्तरेकडे हिमालयात जो अडसर होतो, त्याचा दाब संपूर्ण द्वीपकल्पातून पसरलेला असतो. द्वीपकल्पाच्या खडकांत अब्जावधी वर्षांच्या इतिहासातील जुन्या भेगा आहेत. मराठवाड्यात त्या बेसाल्टखाली झाकलेल्या असल्याने वरून दिसतही नाहीत. अशा भेगेवर ताण फार सावकाश साठतो, एकदा सुटली की पुन्हा हजारो वर्षे ती शांत राहू शकते, आणि म्हणूनच त्या भागाच्या स्मृतीत भूकंपाची नोंद नसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाची रात्र उलटत असताना, ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. नाभी दहा किलोमीटरहून कमी खोल होती आणि किल्लारीजवळच्या शेतांत जमीन फाटून एक बाजू वर उचललेली दिसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार लोक मेले. जगात या परिमाणाचे भूकंप दरवर्षी शंभराच्या आसपास होतात आणि बहुतेकांची बातमीही होत नाही. येथे इतके बळी गेले ते घरांमुळे. हातभर-दोन हात रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात अशी घरे गार राहतात, पण दोन दगडांना बांधून ठेवणारे त्यात काहीच नसते. भिंतीचे आतले आणि बाहेरचे पदर हादऱ्याने सुटले, आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली.

कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला का?

धरणाने तो लवकर घडवून आणला, असे म्हणणे योग्य ठरेल; त्यातली ऊर्जा भूपट्टाच्या ताणाचीच होती. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणात १९६१-६२ पासून पाणी साठू लागले आणि लवकरच परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि पावणेदोनशेहून अधिक लोक दगावले. धरणाला तडे गेले, पण ते फुटले नाही; नंतर त्याचे मजबुतीकरण झाले. जलाशयामुळे चालना मिळालेला हा जगातील आजवरचा सर्वांत मोठा भूकंप मानला जातो.

पाण्याचे वजन हे यातले दुय्यम कारण आहे. पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपते, भेगांतील पाण्याचा दाब वाढतो आणि प्रस्तरभंगाच्या दोन बाजू एकमेकींवर जितक्या घट्ट दाबलेल्या होत्या तितक्या राहत नाहीत. आधीच सुटण्याच्या बेतात असलेला प्रस्तरभंग सुटतो. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर तेथील धक्क्यांचे प्रमाण वाढते, आणि १९८५ नंतर वारणेचे धरण भरू लागल्यावर हा पट्टा दक्षिणेकडेही सक्रिय झाला. सगळे भूकंप सुमारे २० बाय ३० कि.मी. एवढ्याशा क्षेत्रात होत असल्यामुळे कराड येथे केंद्र सरकारची भूविवर प्रयोगशाळा उभारली गेली आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले. सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर त्यात ग्रॅनाइटचा पाया लागला.

म्हणून प्रत्येक धरण भूकंप आणते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. महाराष्ट्रात शेकडो धरणे आहेत.

पालघरमधील धक्क्यांचे काय?

डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. एक मोठा धक्का आणि त्यामागून येणारे पश्चात्‌धक्के असे त्याचे स्वरूप नव्हते. सारख्याच आकाराचे पुष्कळ धक्के होते. अशा मालिका द्वीपकल्पात अधूनमधून होतात. पावसाचे पाणी खोल भेगांत जाणे हे त्यांचे एक कारण मानले जाते.

लहान धक्के बसत राहिले की मोठा भूकंप टळतो, हे खरे का?

नाही, आणि आकडे पाहिले की ते लगेच पटते. परिमाण एका अंकाने वाढले की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. आठ परिमाणाच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा सोडायला पाच परिमाणाचे ३२ हजार भूकंप लागतील. हिमालयात एवढे होत नाहीत. वर्तमानपत्रे आजही रिश्टर मापनश्रेणी लिहितात, पण चार्ल्स रिश्टर यांची १९३५ ची श्रेणी मोठ्या भूकंपांना अपुरी पडते. १९७९ पासून प्रस्तरभंगाचे क्षेत्रफळ आणि सरकण यांवरून काढलेले परिमाण वापरले जाते.

भूकंपाचे भाकीत करता येते का?

दिवस, ठिकाण आणि परिमाण सांगणारे विश्वासार्ह भाकीत आज शक्य नाही. १९७५ मध्ये चीनमधील हायचेंगला पूर्वधक्क्यांवरून लोकांना बाहेर काढले गेले आणि पुष्कळ जीव वाचले. पुढच्याच वर्षी तांगशानला कोणतीही सूचना न मिळता दोन लाखांहून अधिक लोक मेले. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तारखांना कसलाही आधार नसतो. शक्य आहे ती पूर्वसूचना : प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे ६ कि.मी., तर विध्वंसक दुय्यम लहरी साडेतीन कि.मी. वेगाने येतात, त्यामुळे अपिकेंद्रापासून दूर असलेल्या शहराला काही सेकंद आधी इशारा देता येतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला त्सुनामीचा धोका आहे का?

कमी आहे, पण शून्य नाही. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी सुमात्रा-अंदमानच्या बुडणाऱ्या सीमेवरून आली आणि तिचा मुख्य तडाखा पूर्व किनाऱ्याला बसला. अरबी समुद्रात तशी सीमा आहे ती पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी तेथे ८.१ परिमाणाचा भूकंप झाला होता आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. किनाऱ्यावर समुद्र अचानक मागे हटलेला दिसला, तर मोबाइल बाहेर न काढता चढाकडे निघावे आणि पहिली लाट ओसरली म्हणून परतू नये, कारण पुढच्या लाटा तासातासाच्या अंतरानेही येऊ शकतात.